नुसता समुद्र असून भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: किनारा असलेले देश सागरी व्यापारामुळे श्रीमंत होतात असं पुस्तकात वाचलं, पण मोठा किनारा असूनही गरीब राहिलेले देश आहेत आणि समुद्र नसलेलं स्वित्झर्लंड श्रीमंत आहे. मग सागरी व्यापाराचं महत्त्व नेमकं कशात? विमानं आणि रेल्वे असताना ते आज तेवढंच उरलंय का? आणि देशाकडे स्वतःची जहाजं किती, यावरून ते मोजावं का?

मी सोळा वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, शेवटची काही मुख्य अधिकारी म्हणून. आता किनाऱ्यावर सर्व्हेयर आहे. जहाजात किती माल चढला आणि किती उतरला हे मोजून देणं हे माझं काम. त्यामुळे उत्तर धक्क्यावर उभं राहून देतोय, हे लक्षात घेऊन वाचा.

मला वाटतं, तुमची खरी अडचण ‘सागरी व्यापार’ ही एकच गोष्ट धरल्यामुळे झाली आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे समुद्राची स्वस्त वाट. ती निसर्गाने दिलेली आहे आणि जवळपास सगळ्यांना सारखीच खुली आहे. दुसरी म्हणजे त्या वाटेवरून आलेला माल जिथे जमिनीला टेकतो, ती जागा: बंदर, तिथली खोली, तिथले लोक, तिथले कागद. देशादेशांत फरक पडतो तो या दुसऱ्या गोष्टीत. किनारा नकाशावर दिसतो, ही दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून पुस्तकातलं वाक्य आणि प्रत्यक्ष जग यांचा मेळ बसत नाही.

आधी स्वस्ताईचं बघू. मी बरीच वर्षं ज्या प्रकारच्या जहाजावर होतो, त्यात सुमारे ७५,००० टन धान्य, कोळसा किंवा खनिज मावतं. २५ टनांचा एक ट्रक धरला तर हे ३,००० ट्रक झाले. जहाजावर माणसं असतात वीस-बावीस. वेग तासाला १३ नॉट, म्हणजे २४ किलोमीटरच्या आसपास. सायकलवाला जोर लावून गाठेल एवढा. पण वजन पाणी उचलतं, इंजिनाला फक्त ढकलायचं असतं, आणि ते रात्रंदिवस ढकलत राहतं. रस्ता बांधावा लागत नाही, रूळ टाकावे लागत नाहीत. म्हणूनच जगातल्या मालाच्या व्यापारापैकी ८० टक्क्यांहून जास्त माल, वजनाच्या हिशेबाने, आजही समुद्रावरून जातो. वर्षाला तो सुमारे १२ अब्ज टन भरतो.

विमानाचं म्हणाल तर किमतीच्या हिशेबाने विमानांचा वाटा मोठा आहे, सुमारे एक तृतीयांश. वजनाच्या हिशेबाने तो एक टक्काही नाही. मोबाइलचे सुटे भाग, लसी, ताजी फुलं विमानाने जातात. गहू, खत, तेल, लोखंड, सिमेंट कधीच जाणार नाही. रेल्वे जमिनीवर उत्तम, पण तीसुद्धा बहुतेक वेळा बंदरातला माल आत नेते किंवा आतला माल बंदरात आणते.

समुद्राला पर्याय आहे का, याची परीक्षा अलीकडेच झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि युक्रेनची काळ्या समुद्रावरची बंदरं बंद पडली. धान्य कोठारांत पडून राहिलं. ते रेल्वेने पश्चिमेला काढायचा प्रयत्न झाला, तर सरहद्दीवर रुळांची रुंदी बदलते: युक्रेनमध्ये १,५२० मिलिमीटर, पलीकडे १,४३५. प्रत्येक गाडीचा माल तिथे दुसऱ्या डब्यांत भरायचा किंवा डब्यांची चाकं बदलायची. डॅन्यूब नदीवरच्या छोट्या बंदरांतून जमेल तेवढं गेलं, पण मोठ्या बंदरांची जागा कुणी घेऊ शकलं नाही. जुलै २०२२ मध्ये समुद्रातून वाट देणारा करार झाल्यावर वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं. आफ्रिका आणि पश्चिम आशियातले जे देश त्या गव्हावर जगतात, त्यांना तो करार किती महत्त्वाचा होता हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट, धक्क्याची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे रोज डोळ्यांसमोर असतं.

जहाजात किती माल आहे हे मोजायला कुठलाही काटा पुरत नाही, म्हणून जहाज किती बुडालंय ते बघतात. याला आम्ही ड्राफ्ट सर्व्हे म्हणतो. शक्यतो पाणी शांत असताना छोट्या होडीतून जहाजाला वळसा घालायचा. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणचे आकडे वाचायचे. १० सेंटिमीटर उंचीचे पांढरे आकडे पोलादावर वेल्डिंगने उठवलेले असतात. आकड्याची खालची कड म्हणजे ती खोली. लाट त्यावरून सतत वरखाली होते. म्हणून घाई न करता नुसतं बघत राहायचं, पाणी कुठवर चढतं आणि कुठवर उतरतं ते धरायचं आणि मधला आकडा लिहायचा. मग त्याच पाण्याचा नमुना बादलीने वर घेऊन हायड्रोमीटरने घनता बघायची, कारण नदीच्या गोड्या पाण्यात तेच जहाज जास्त बुडतं. या आकड्यांवरून जहाजाचं एकूण वजन निघतं. त्यातून खुद्द जहाजाचं वजन, स्थिर राहायला घेतलेलं बॅलास्टचं पाणी, इंधन, पिण्याचं पाणी वजा केलं की उरतो तो माल.

मी सांगितलेलं जहाज सव्वादोनशे मीटर लांब आणि बत्तीस मीटर रुंद असतं. ते एक सेंटिमीटर खाली बसायला सुमारे ६७ टन माल लागतो. आता उलटा हिशेब करा. बंदरात येणाऱ्या वाटेवर ३० सेंटिमीटर गाळ साचला आणि तो वेळेवर काढला नाही, तर त्या जहाजाला सुमारे २,००० टन माल कमी घेऊन यावं लागतं. जहाजाचं रोजचं भाडं, विमा, पगार तेवढेच राहतात. इंधनातही फारसा फरक पडत नाही. तो सगळा खर्च कमी मालावर वाटला जातो आणि शेवटी त्या देशातल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. आणि हे एका जहाजाचं झालं. अशी जहाजं वर्षभर येत असतात.

इतिहासात हाच गाळ शहरं बुडवून गेला आहे. आजच्या बेल्जियममधलं ब्रुज हे एकेकाळी उत्तर युरोपातलं बडं व्यापारी शहर होतं. त्याला समुद्राशी जोडणारी झ्वीन नावाची खाडी पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत गाळाने भरत गेली आणि व्यापार अँटवर्पला सरकला. अँटवर्पचंही पुढे तसंच झालं, पण कारण वेगळं होतं. १५८५ मध्ये शहर स्पॅनिश फौजांनी घेतलं, डचांनी शेल्ट नदीचं तोंड अडवलं, आणि व्यापारी, कारागीर, सावकार मोठ्या संख्येने उत्तरेला गेले. पुढच्या शतकात ॲमस्टरडॅम भरभराटीला आलं त्याचं एक मोठं कारण ही माणसं. समुद्र तिन्ही शहरांना एकच होता.

त्या काळातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. डचांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लाउट नावाचं जहाज बांधायला सुरुवात केली. पोट मोठं, तोफा कमी किंवा नाहीतच, आणि शिडांची व्यवस्था अशी की कमी खलाशांत काम भागावं. दिसायला बेढब, पण टनामागचा खर्च कमी. डचांच्या व्यापारात याचा वाटा फार मोठा होता.

धक्क्यावरचा वेळ हा दुसरा मोठा खर्च. जुन्या पद्धतीत पोती, पेट्या, पिंपं माणसं पाठीवर घेऊन चढवत-उतरवत. जहाजाचा निम्माअधिक काळ बंदरातच जायचा. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकवाल्याने आयडियल एक्स नावाच्या जहाजावर ५८ कंटेनर चढवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. सुटा माल भरायला त्या वेळी टनामागे जवळपास ६ डॉलर पडत. त्याच्या हिशेबाने कंटेनरमधल्या मालाला टनामागे १६ सेंट पडले. एवढा फरक पडल्यावर जगाचे कारखाने हलणारच होते. एका देशात कापड, दुसऱ्यात बटणं, तिसऱ्यात शिवण हे परवडायला लागलं ते यामुळे. याची किंमतही कुणीतरी मोजली: लंडनच्या शहरातल्या जुन्या गोद्या १९८१ पर्यंत एकामागून एक बंद पडल्या, हजारो गोदी कामगारांची पिढीजात कामं गेली, आणि माल नदीच्या तोंडाकडच्या टिलबरीला आणि समुद्रकाठच्या फेलिक्सस्टोला गेला. देशाचा फायदा झाला म्हणताना त्या वस्त्यांचं काय झालं, हेही लिहा.

इथपर्यंतचं सांगायचं तर: वाट स्वस्त आहे म्हणून व्यापार होतो, आणि खोली व वेळ यांवरून त्या स्वस्ताईतला किती वाटा देशाला मिळतो ते ठरतं. खोली आणि वेळ झाल्यावर धक्क्याच्या गोष्टीतला तिसरा भाग राहिला, कागदांचा आणि भरवशाचा. तो नजरेला सगळ्यात कमी पडतो.

माल समुद्रात असताना तो कुणाचा? विकणारा एका खंडात, घेणारा दुसऱ्या, पैसे बँकेचे, जहाज तिसऱ्याचं. हे सगळं बिल ऑफ लेडिंग नावाच्या कागदावर चालतं. ज्याच्या हातात मूळ कागद, त्याला माल. मी जहाजावर असताना एकदा आम्ही खत घेऊन एका बंदराबाहेर नांगर टाकून सतरा दिवस बसलो होतो. धक्का रिकामा होता, क्रेन चालू होत्या, पाऊसही नव्हता. घेणारी कंपनी आणि तिची बँक यांच्यात वाद झाला होता आणि मूळ बिल ऑफ लेडिंग सुटत नव्हतं. ठरलेल्या मुदतीपुढच्या प्रत्येक दिवसाचं डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, चढत होतं आणि किनाऱ्यावरचे शेतकरी खताची वाट बघत होते. शेवटी माल उतरला तेव्हा पेरणी होऊन गेली होती. त्या सतरा दिवसांत समुद्राचा काहीच दोष नव्हता.

हा भरवसा माणसाने फार जुन्या काळापासून घडवत आणला आहे. दुसऱ्या शतकातला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख, इजिप्तमध्ये सापडला, जो आज व्हिएन्नात आहे. हर्मापोलोन नावाच्या जहाजावरून मुझिरिसहून आलेल्या मालाचा हिशेब आणि त्या धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटी त्यात आहेत. मुझिरिस म्हणजे आजच्या केरळच्या किनाऱ्यावरचं बंदर. तांबड्या समुद्रावर उतरलेला माल उंटांवरून पहाऱ्यात नाईलकाठच्या कॉप्टस गावी न्यायचा, तिथून नाईल नदीने अलेक्झांड्रियाला, आणि वाटेतल्या गोदामांत तो सावकाराच्या मोहोरेखाली राहणार, असं स्पष्ट लिहिलंय. रोमची आयात जकात होती २५ टक्के. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातल्या फायलींची आठवण झाली. कलमं तीच आहेत.

धोका वाटून घेण्याची पद्धत तर त्याहून जुनी. वादळात जहाज वाचवण्यासाठी एकाचा माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान सगळ्यांनी मिळून भरायचं, हा ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा नियम रोमन कायद्यात नोंदलेला आहे. आज त्याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचं एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं, तेव्हा जहाजमालकांनी हाच नियम लावला. ज्यांच्या मालाला ओरखडाही आला नव्हता त्यांनाही माल सोडवायला हमी द्यावी लागली. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात कॅप्टन, व्यापारी आणि विमा उतरवणारे जमत, त्यातून लॉइड्सचा विमाबाजार उभा राहिला. आज ब्रिटिश झेंड्याची जहाजं पूर्वीच्या मानाने थोडीच आहेत, पण जगातल्या जहाजांचा विमा आणि तंटे यांचं बरंचसं काम अजून लंडनलाच जातं. जहाजं गेली तरी भरवसा मागे राहिला.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, कारण एकच सूत्र सगळीकडे लागू होत नाही.

समुद्र नसलेल्या देशाचं नशीब शेजाऱ्यावर असतं. स्वित्झर्लंडला बासेलपासून ऱ्हाइन नदीने रॉटरडॅम गाठता येतं, शेजारी श्रीमंत आणि भांडणं मिटलेली. जगातली सगळ्यात मोठी कंटेनर कंपनी एमएससी जिनिव्हात आहे, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. इथिओपियाचं उलटं झालं. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला, सगळा किनारा गेला, आणि १९९८ मध्ये एरिट्रियाशी युद्ध पेटल्यापासून त्या मोठ्या लोकसंख्येच्या देशाचा जवळपास सगळा व्यापार जिबूती या एका चिमुकल्या देशातून चालतो. बोलिव्हियाने चिलीबरोबरच्या १८७९ ते १८८४ च्या युद्धात किनारा गमावला. आजही तिथे नौदल आहे आणि दर २३ मार्चला समुद्र दिन पाळतात. सिंगापूरजवळ स्वतःचा माल त्या मानाने थोडाच, तरी २०२४ मध्ये तिथे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने ४ कोटींहून जास्त कंटेनर हाताळले गेले, बहुतेक एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवायचे.

बंदर देशासाठी चालतं की देशाला उपसण्यासाठी, हाही मोठा प्रश्न आहे. मुख्यतः आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून चार शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली आणि त्यातली जवळपास अठरा लाख वाटेतच मेली. बंदरं गजबजलेली होती, जहाजं भरून सुटत होती, विमाही उतरवला जात होता. मी वर ज्या गोष्टींचं कौतुक केलं त्या सगळ्या तिथे होत्या. म्हणून बंदरातून किती टन माल गेला एवढ्यावर थांबू नका. काय गेलं, काय आलं आणि पैसा कुणाकडे राहिला तेही विचारा.

राज्यकर्त्यांचा कलही महत्त्वाचा. १४०५ ते १४३३ या काळात झेंग हे नावाच्या चिनी नौसेनानीच्या सात मोहिमा निघाल्या, आणि त्यातल्या नंतरच्या थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत गेल्या. नंतर दरबाराने हात आखडला, मोहिमा थांबल्या, खाजगी सागरी व्यापारावर बंदी बराच काळ राहिली. व्यापार चोरवाटांनी चालू राहिला, पण त्याला राज्याचं बळ नव्हतं. आज त्याच देशातलं शांघाय २०१० पासून जगातलं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर आहे.

शेवटचा प्रश्न, स्वतःच्या जहाजांचा. मालकीत ग्रीस, चीन, जपान वर आहेत. झेंडे मात्र लायबेरिया, पनामा, मार्शल बेटांचे असतात. जहाजं बहुतेक चीन, दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये बांधतात. खलाशांत फिलिपिन्सची संख्या मोठी. मग हे जहाज कुणाचं म्हणायचं? शिवाय हा धंदा भयंकर वरखाली होतो. सुट्या मालाच्या भाड्यांचा बाल्टिक ड्राय इंडेक्स मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता, त्याच डिसेंबरात ६६३ वर आला. सरकारने भारंभार जहाजं विकत घेऊन ठेवावीत असं मला वाटत नाही. पण युद्धात किंवा संकटात परके मालक जहाज पाठवायला नकार देऊ शकतात, म्हणून तेल आणि धान्यापुरती काही जहाजं आणि ती चालवणारी माणसं हाताशी असावीत. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायचा निर्णय स्वतःच घेतला. आशिया ते युरोप प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढला आणि ज्यांचा माल होता त्यांना तो मान्य करण्यावाचून इलाज नव्हता.

तेव्हा मोजायचंच असेल तर जहाजांच्या संख्येऐवजी हे बघा: बाहेर नांगर टाकून जहाजं किती दिवस थांबतात, धक्क्याला लागल्यापासून सुटेपर्यंत किती तास जातात, किती खोल बुडालेलं जहाज आत येऊ शकतं, आणि कागद पुरे व्हायला किती दिवस लागतात. आणि यातलं काहीही ज्यांच्यावाचून हलत नाही, त्या खलाशांना तो देश कसं वागवतो, हेही.

२०२० मध्ये साथीमुळे बंदरांनी खलाशांना उतरू देणं बंद केलं आणि जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले. त्या दिवसांत मी एका जहाजाचा ड्राफ्ट घ्यायला गेलो होतो. वर जायची परवानगी नव्हती. मी होडीतून आकडे वाचले, मुख्य अधिकाऱ्याने कागद पिशवीत घालून दोरीने खाली सोडले. तो नऊ महिन्यांच्या करारावर आला होता आणि चौदावा महिना चालू होता. कठड्यावरून वाकून त्याने एवढंच विचारलं, पुढचं बंदर तरी उतरू देतंय का, काही कळलं का? मला काहीच माहीत नव्हतं. मी सह्या करून पिशवी वर पाठवली, आणि जहाज दुपारच्या भरतीला ६८,००० टन गहू घेऊन निघालं.